सांगवीला गेले आणि स्पेनची दारू प्यायले

सांगवीहून परत आल्यापासून आळीतल्या बायका विचारतात, "कसं झालं जाणं?" मी म्हणते, "बरं झालं." त्यापुढं माझी जीभ उचलत नाही. लहानपणापासून असंच आहे. चौथीपर्यंत शाळेत गेले, पण उत्तर येत असलं तरी उभी राहिले की डोळ्यांत पाणी यायचं. लिहायला मात्र मला जमतं. कागद आपल्या तोंडाकडं बघत नाही. म्हणून जे झालं ते इथं लिहिते. यातलं निम्मं तरी लाज वाटावी असंच आहे.

आमच्या सुमनला तिच्या आत्याच्या घरी द्यायचं, हे ती पाळण्यात होती तेव्हापासून बोललं जातं. मामाची मुलगी आत्याच्या मुलाला, ही आमच्यातली रीतच. तो मुलगा दत्ता, माझ्या नणंदेचा एकुलता एक. बोटीवर भटारखान्यात कामाला आहे. वर्षातले बरेच महिने समुद्रावर असतो. या वैशाखात तो सुट्टीवर आला आणि सुपारी फोडायची बोलणी निघाली. तेवढ्यात कुणीतरी ह्यांच्या कानात घातलं की बोटीवरची पोरं पाण्याऐवजी दारूच पितात. त्या दिवसापासून ह्यांचं जेवणात लक्ष लागेना.

"तू जाऊन ये सांगवीला," हे म्हणाले. "चार दिवस राहा. मामी हायस, जवळ जाता येतं. तोंडाचा वास घे."

"मी? अवो, मला न्हाय जमायचं."

"तुलाच जमंल. तू बोलत न्हाईस, म्हणून तुझ्याम्होरं कोण काय लपवत न्हाय."

"आन पीत असला तर?"

"तर सुपारी न्हाय. आक्काला काय सांगायचं ते मी सांगतो."

सुमन दाराआड उभी होती. तिच्या बांगड्या वाजल्या. दत्ता येणार म्हटलं की ती वेणी दोनदा घालते, हे घरात मला एकटीलाच माहीत. निघताना तिनं माझी पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "आई, नीट बघ." वास नीट घे म्हणाली की माणूस नीट बघ म्हणाली, ते मी विचारलं नाही.

सांगवी

वरकुट्याहून इंदापूर, इंदापूरहून बारामती आणि तिथून सांगवी. अंतर काही फार नाही, पण मी आजवर फक्त बारशाला नाहीतर मयताला घराबाहेर पडलेली. नुसतं राहायला म्हणून पहिल्यांदाच गेले.

आमच्याकडं कॅनॉलचं पाणी आठवण झाली तर येतं. सांगवीत ते दारावरून जातं. जिथं आमच्याकडं कुसळं आणि बाभळी, तिथं यांच्याकडं ऊस. ऊस इतका दाट की त्यात शिरलेल्या माणसाची नुसती हाक ऐकू येते. बायका कॅनॉलच्या कडेला धुणं आपटत होत्या आणि पाणी सोडून देत होत्या. मला ते जाणारं पाणी बघवेना. आम्ही भांडी घासलेलं पाणी कढीपत्त्याला घालतो.

वन्सांनी पहिल्याच दिवशी गरम पोळीवर काकवी वाढली. आमच्याकडं काकवी विकतची, वाटीत मोजून येते. इथं वन्सांनी सगळा तांब्याच वाकडा केला. ताटातून काकवी पाटावर आली आणि पाटावरून माझ्या पदरावर. मी "पुरे" म्हणायच्या आत हे झालं. माझं "पुरे" नेहमीच मागून येतं.

वन्सांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. घरात त्या, दत्ता आणि त्यांचे सासरे. सासऱ्यांना सगळे तात्या म्हणतात. तात्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं फिरण्यात गेलं. आता दारात एक म्हातारी शेळी आहे, तिच्याशीच बोलत बसतात. मला बघून म्हणाले, "वरकुट्याच्या बाई, बोला की कायतरी. तुमच्यापरीस माझी शेळी बोलती."

दत्ता शेतातून आला आणि माझ्या पाया पडला. मी ठरवल्याप्रमाणं केलं. त्याच्या तोंडावरून हात फिरवला, माझ्या कानशिलावर बोटं मोडली आणि तोंड त्याच्या तोंडाजवळ नेऊन वास घेतला. खोबरेल तेलाचा आणि कसल्यातरी परदेशी साबणाचा वास आला. त्याला वाटलं, मामीचा किती जीव आहे. तो लाजून हसला. मी खाली बघितलं.

रात्रीच्या जेवणाआधी परत तेच केलं, सकाळी परत तेच. बोटं मोडायला येवढं निमित्त लागत नाही, पण मला दुसरी युक्ती सुचत नव्हती. तिसऱ्यांदा हात पुढं केला तेव्हा दत्ता म्हणाला, "मामी, अशी दृष्ट मला लावतंय तरी कोण?"

वन्स हसल्या, तात्या हसले. मीही हसले, पण कान तापले होते. देवानं दिलेली माया दाखवायची ती खूण, आणि मी तिचा चोरासारखा उपयोग करत होते.

वास काही येत नव्हता. मग मी आणखी खालच्या पायरीवर गेले.

दत्ता उसाला पाणी द्यायला गेला होता. वन्स स्वयंपाकघरात होत्या. मी घर झाडायला घेतलं आणि झाडता झाडता त्याची पिशवी कॉटखालून ओढली. आत टॉवेलात गुंडाळलेली एक जड बाटली होती. हिरवी, बुडाला फुगीर, मानेला सोनेरी कागद. बुचावर तारेची जाळी घट्ट आवळलेली होती, जशी पिकात तोंड घालणाऱ्या बैलाला मुसकी बांधतात तशी. बाटली भरलेली होती.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं लिहिते. मला बरं वाटलं. काम झालं, आता घरी जाता येईल. मग सुमनची वेणी आठवली. बाटली परत टॉवेलात गुंडाळून पिशवी आत ढकलली. तेवढ्यात वन्सांनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "वयनी, या. तुमच्यासाठी चहात आलं घातलंय."

बारामती

दुसऱ्या दिवशी दत्ता म्हणाला, "मामी, चला, तुमाला बारामती दाखवतो. मला जरा कामपण हाय." मी नको म्हणणार होते, पण तो चपला घालून उभा होता.

बारामती मी आजवर फक्त एसटीच्या खिडकीतून बघितलेली. रस्ते आमच्या खळ्यापेक्षा रुंद आणि झाडलेले. साडी नेसलेल्या बायका लुना चालवत होत्या. एक तर माझ्याच वयाची होती, मागं पिठाचा डबा बांधलेला. तिच्याकडं कुणी वळूनसुद्धा बघत नव्हतं. मी एकटीच बघत होते.

दत्तानं भेळ घेतली. आमच्याकडं बाईमाणूस रस्त्यात उभं राहून खात नाही. मी दुकानाच्या भिंतीकडं तोंड केलं आणि तशीच खाल्ली. तिखट लागून ठसका आला तर शेजारच्या माणसानं पाण्याचा पेला पुढं केला. तो घेतानाही मी भिंतीकडंच बघत होते. त्या माणसाला वाटलं असेल, हिला दिसत नाही.

पुढं बांगड्यांचं दुकान लागलं. दत्ता थांबला, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "मामी, सुमनच्या बांगडीचं माप काय?"

माझ्या डोळ्यांपुढं ती बाटली होती. मी म्हणाले, "ठावं न्हाय."

आईला मुलीच्या हाताचं माप माहीत नाही, असं कुठं असतं? तो पुढं चालू लागला.

त्याचं काम म्हणजे बर्फ. बर्फाच्या कारखान्यातून त्यानं लादीचा मोठा तुकडा घेतला आणि भुसा घालून पोत्यात गुंडाळला. मला वाटलं, आमरसासाठी असेल. एसटीत गर्दी होती. दत्ताच्या हातात आणखी सामान होतं, म्हणून पोतं मी मांडीवर घेतलं. उन्हाळ्याचे दिवस, गाडी तापलेली. थोड्याच वेळात बर्फाचं पाणी माझ्या लुगड्यात उतरलं आणि पायांवरून खाली गळायला लागलं. समोरच्या बाईनं आधी खाली बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. मी मेल्याहून मेले.

तेव्हाच दत्ता शेजारी वाकून म्हणाला, "मामी, माझ्या टॉवेलाची घडी तुमी काल उलटी घातली."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर नुसता ऊस होता.

"बोटीवर आमाला घडी एकसारखी लागती म्हणून कळलं," तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "मामांनी धाडलं व्हय? रोज बोटं मोडताय ते त्याच्याचसाठी?"

मी मान डोलावली. पाणी गळत होतं आणि मला ते पुसतासुद्धा येत नव्हतं.

"मला इचारलं असतं तर सांगितलं असतं. बाटली आईसाठी आणलीय. हा बर्फ तिच्याचसाठी हाय. आज सगळ्यांम्होरं फोडतो. मग मामांना काय सांगायचं ते तुमी सांगा."

सांगवीला उतरलो तेव्हा माझं लुगडं मागून सगळं ओलं होतं. दत्ता माझ्या मागं मागं चालत घरापर्यंत आला, म्हणजे पाराजवळ बसलेल्या माणसांना काही दिसू नये. त्यानं ते बोलून दाखवलं नाही. एवढं होऊन त्यानं माझी अब्रू झाकली, याची मला ओल्या लुगड्यापेक्षा जास्त लाज वाटली.

सांगवीच्या अंगणात

दिवस मावळायला दत्तानं अंगणात घमेलं मांडलं, त्यात बर्फ फोडून घातला आणि बाटली आडवी ठेवून वर ओलं पोतं टाकलं. तात्या बाजेवर बसून बघत होते.

"ह्ये काय बाळंतपण चाललंय?" ते म्हणाले.

"तात्या, गार झाल्याबिगर हिला चव न्हाय."

वन्सांना वाटलं, सरबत आहे. दत्तानं सरळ सांगितलं, "आई, ही दारू हाय. द्राक्षाची. बोट स्पेनला लागली होती, तितनं आणली."

वन्सांनी पदर तोंडावर घेतला आणि माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला कळलं. भावाची बायको बसलीये आणि हा काय बोलतोय!

दत्तानं तारेची जाळी सोडली, बूच अंगठ्यानं रेटलं. असा बार उडाला की बूच पडवीच्या पत्र्यावर आपटलं. शेळी दावं तोडून पळाली आणि तात्या बाजेवर आडवे झाले. शेजारून कुणीतरी ओरडलं, "काय फुटलं रं?"

"टायर!" तात्या आडवे पडल्या पडल्याच ओरडले.

घरात काचेचे ग्लास नव्हते. दत्तानं स्टीलचे पेले मांडले. फेस वर आला की थांबायचा, बसला की परत ओतायचा. पहिला पेला त्यानं वन्सांच्या हातात दिला.

"अरं, मी अशी बिनकुकवाची बाई. मला कशाला?"

"तूच आधी," तो म्हणाला आणि उकिडवा बसला. "आई, तितं बंदराच्या कडंला रविवारी दुपारी एक म्हातारी बसली होती. तुझ्याच वयाची, काळे कपडे घातलेली. पोरं, सुना, नातवंडं सगळी भवती. टेबलावर पाव आन तळलेलं मासं, आन प्रत्येकाच्या हातात ही. म्हातारी पीत होती आन हसत होती. कोण तिच्याकडं टकामका बघत नव्हतं. मला वाटलं, आपली आई कधी अशी बसलीच न्हाय."

वन्स पेल्यातल्या फेसाकडं बघत म्हणाल्या, "लई म्हागाची असंल रं."

"न्हाय गं. फ्रान्सची असती तर माझा महिन्याचा पगार गेला असता. ती साहेब लोकांची. ही स्पेनची, आपल्यासारख्यांची. करायची रीत तीच, बाटलीतच फेस धरतो. पर मामींच्या लुगड्यापरीस स्वस्त हाय."

मी लुगड्याचा अजून दमट असलेला काठ पायाखाली ओढला.

"नाव काय म्हनं हिचं?" तात्यांनी विचारलं.

"कावा म्हणत्यात तितं."

"नावातच कळलं. आण हिकडं." तात्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. "आरं तिच्या! ही तर आपल्या वढ्यातली ताजी शिंदी. मेंढरं चारताना सकाळी झाडावरनं उतरवली की अशीच चावायची जिभंला. आमाला फुकट मिळत होती. तू येवढा समुद्र वलांडून इकत आणली."

मग पेला माझ्यापुढं आला. नको म्हणायलाही तोंड उघडावं लागतं. मी घेतला.

आमच्या घरात पेला ओठाला लावत नाहीत, उष्टं होतं. पाणी असो की ताक, वरून ओतून प्यायचं. मी तसंच केलं. मान मागं केली आणि धार धरली. सगळा फेस नाकात गेला. दोन्ही नाकपुड्यांतून पाणी, डोळ्यांतून पाणी, ठसका थांबेना. वन्स माझी पाठ चोळायला लागल्या. तात्या इतके हसले की त्यांचं पागोटं सुटलं.

"मामी, पेला तोंडाला लावा," दत्ता म्हणाला. "जरा जरा घ्या."

सगळ्यांसमोर, वडीलधाऱ्या माणसासमोर, मी पेला ओठाला लावला. गार, आंबूस, जिभेवर बारीक बारीक टोचणारं. गोळी सोड्यासारखं, पण गोड नाही. कच्ची द्राक्षं दाताखाली फुटावीत तसं आधी, आणि मागून पीठ आंबवून ठेवलं की येतो तसा वास. वाईट लागेल म्हणून मी तोंड वाकडं करायची तयारी ठेवली होती. ते वाकडं झालंच नाही. दत्तानं सगळ्यांत शेवटी स्वतःला एक पेला ओतला, तेवढाच.

पेला संपला. आणि मग माझा हात आपोआप पुढं गेला. कुणी "घ्या" म्हटलं नव्हतं. आग्रह झाला असता तर आज मला म्हणता आलं असतं की भिडेपोटी घेतली. दुसरा पेला मी माझ्या हातानं मागितला.

त्यानंतर मी बोलायला लागले. मी! बर्फाची गोष्ट सांगितली, भिंतीकडं तोंड करून खाल्लेल्या भेळेची सांगितली. वन्स पोट धरून हसत होत्या. आणि त्याच भरात मी दत्ताला म्हणाले, "तू येणार म्हटलं की आमची सुमन दोनदा वेणी घालती. आन तिच्या बांगडीचं माप सव्वादोन."

दत्ताचं तोंड कानापर्यंत लाल झालं आणि तो उठून शेळी शोधायला गेला. मुलीच्या मनातलं मी सगळ्यांपुढं मांडून बसले होते.

सकाळी मी मान वर केली नाही. तात्या म्हणाले, "आज पुन्हा शेळीच बोलती व्हय?" मी तशीच खाली बघत भाकरी खाल्ली. निघताना वन्सांनी शेजारणीकडून खणानारळानं माझी ओटी भरवली. ती गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या.

"वयनी, भावाला काय सांगणार?" त्या हळूच म्हणाल्या. "माझं पोरगं वाईट न्हाय वो."

मी त्यांचा हात दाबला आणि निघाले.

वरकुटे

हे अंगणात वाट बघत होते. मी पायावर पाणी घेतलं नव्हतं तोच म्हणाले, "मग?"

एसटीत सगळा वेळ मी दोन उत्तरं घोळवत आले होते. "नाही पीत" म्हटलं तर सगळं सोपं होतं. पण दत्तानं सगळ्यांसमोर बूच उडवलं ते मला खोटं बोलावं लागू नये म्हणूनच, असं मला वाटत होतं.

"पितो," मी म्हणाले.

ह्यांनी मांडीवर हात मारला. "मी म्हणलोच हुतो."

"आधी आईला दिली. मग आज्याला. मग मला. आन मग सोता घेतली."

"तुला?"

"दोन पेलं."

हे दगडावर बसले. "तू प्यालीस?"

"प्याले. आवडली."

"लाज न्हाय वाटली?"

"वाटली. आजून वाटती."

आत सुमन भांडी लावत होती, तो आवाज थांबला. हे उठले, परत बसले. मग आवाज चढवून म्हणाले, "आईम्होरं, आज्याम्होरं, उघड्यावर बसून पितो. असल्याला पोरगी द्यायची?"

पुढचं मी कसं बोलले, मला माहीत नाही. त्या वेळी पोटात काही नव्हतं, नुसती भाकरी होती.

"उघड्यावर पितो म्हणून मला कळलं तरी किती पितो ते. तुमी मटणाच्या दिवशी गोठ्यामागं जाता, तवा मला मोजता येत न्हाय."

ह्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली.

"तुला ठावं हाय?"

"लगीन झाल्यापास्नं."

"कधी बोलली न्हाईस."

"मला बोलता येत न्हाय."

ह्यांची मान खाली गेली. लग्नात हार घालतानासुद्धा ती माझ्यापुढं अशी झुकली नव्हती. मला विजय वगैरे काही वाटला नाही. नवऱ्याला उघडं पाडलं, तेही मुलीला ऐकू जाईल असं. वाटलं, जे शब्द आयुष्यभर गिळले ते आणखी थोडे दिवस गिळता आले असते.

हे उठले. बादली भरली आणि बैलांकडं गेले. बैलांचं पाणी झालेलं होतं, त्यांची नाकं अजून ओली होती. बैल बादलीला तोंड लावत नव्हते, तरी हे बादली धरून उभे राहिले, माझ्याकडं पाठ करून.

तसंच उभं राहून म्हणाले, "बुधवारी या म्हणावं सांगवीकरांना. सुपारी फोडू."

मी "व्हय" म्हणाले. माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांना ऐकू गेला की नाही, कुणास ठाऊक. परत म्हणायची मला लाज वाटली.